व्हर्च्युअल सर्व्हर संथ झाला की या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसमधून महिनाअखेरीला फोन आला. अकाउंट्सच्या मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. "सर, व्हाउचर सेव्ह करायला गेलं की नुसतं गोल फिरत बसतंय. कालच तर म्हणाले, सर्व्हरला जास्तीचे कोअर दिलेत!"

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून तिथे पोहोचलो. अकाउंटिंगच्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला सर्व्हर) आधी 4 व्हर्च्युअल सीपीयू होते. संथ वाटली म्हणून 8 केले, तरी फरक पडेना म्हणून 12. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जेमतेम 30 टक्के वापरात दिसत होता, त्यामुळे तिथल्या आयटीच्या मुलाला काहीच उमगत नव्हतं. त्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण टास्क मॅनेजर जे दाखवतो ते गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या विंडोजच्या, आतून दिसणारं चित्र. गेस्टला वाटतं, आपल्याकडे 12 सीपीयू आहेत. खाली खरा प्रोसेसर 8 कोअरचा, आणि त्यावर सगळ्या व्हीएम मिळून 36 व्हर्च्युअल सीपीयू वाटलेले.

हार्डवेअर अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणतात ते हेच. हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक गेस्टपुढे एक तयार केलेलं मशीन ठेवतो: असा सीपीयू, एवढी रॅम, अमुक डिस्क. खरं लोखंड त्याच्या मागे झाकलेलं राहतं. त्यामुळेच तर एका खोक्यात दहा सर्व्हर चालतात. पण ते झाकलेलं असतं गेस्टपासून. दुरुस्तीला बसलेल्या माणसाने होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, उतरून पाहायलाच हवं, आणि बहुतेक चुका तिथे न पाहिल्यामुळेच होतात.

सीपीयू वाढवले की वेग वाढतो, हा समज

व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे कोअर नव्हे, खऱ्या कोअरवर वेळ मिळावा म्हणून रांगेत उभं राहण्याचा हक्क आहे. हक्क वाढवले तर रांगच वाढते. त्यात ईएसएक्सआय हा व्हीएमवेअरचा हायपरवायझर एकाच व्हीएमच्या सीपीयूंना एकमेकांपासून फार पुढे-मागे जाऊ देत नाही. पुढे गेलेल्याला थांबवून मागच्याची वाट पाहायला लावतो. 12 सीपीयूंची व्हीएम गजबजलेल्या होस्टवर 4 वालीपेक्षा संथ पडते ती अशी.

हे मोजायचं कसं? ईएसएक्सआयवर ईएसएक्सटॉप ही कमांड उघडा आणि 'रेडी' टक्केवारी पाहा. काम तयार आहे पण कोअर मिळत नाही, असा तो वेळ. एका व्हर्च्युअल सीपीयूमागे 5 टक्क्यांच्या पुढे गेला तर लक्ष द्या, 10 च्या पुढे माणसं तक्रार करू लागतात. व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या चालू आलेखात तो मिलिसेकंदांत येतो. तिथली नोंद 20 सेकंदांची असते, म्हणजे एका सीपीयूचे 2000 मिलिसेकंद हे 10 टक्के. केव्हीएम या लिनक्सच्या हायपरवायझरवर असाल तर लिनक्स गेस्टमध्ये टॉप कमांड चालवून 'एसटी' हा आकडा बघा. तो चोरीला गेलेला वेळ, म्हणजे कोअर दुसऱ्याला मिळाल्याने हुकलेला.

रबाळ्यात हा रेडी 18 वर होता. अकाउंटिंगला परत 4 सीपीयू दिले. बाकीच्या व्हीएमचे, ज्यांना कधीच गरज नव्हती, ते काढून 2-2 वर आणले. रेडी 2 च्या खाली आला. आणि हो, हायपरथ्रेडिंगमुळे होस्ट 16 लॉजिकल प्रोसेसर दाखवतो म्हणून ते 16 कोअर धरू नका. दोन थ्रेड एकाच कोअरच्या ताटात जेवतात.

सी, डी, ई वेगळ्या डिस्क आहेत असं मानणं

वेग सुधारला, पण सेव्ह करताना अजून अडखळत होतं. म्हणून सर्व्हर ठेवलेल्या खोलीत गेलो. एसी चालू, सगळ्या व्हीएम हिरव्या, आणि समोरच्या पट्टीवर तिसऱ्या डिस्कचा दिवा केशरी लुकलुकतोय. किती दिवस, कुणालाच माहीत नाही. गेस्टला हे कळणारच नाही. त्याच्यापुढची व्हर्च्युअल डिस्क ठणठणीत असते. डिस्क मेल्याचा निरोप हवा असेल तर आयड्रॅक, आयएलओ (डेल आणि एचपीच्या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सोयी) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) कंट्रोलरवरून ईमेल लावावा लागतो. हे पहिल्या दिवशी करा, कळकळीने सांगतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. डेटाबेस डी वर, लॉग ई वर, बॅकअप एफ वर, असं नीट वेगळं मांडलेलं. खाली सगळ्यांचं घर एकच: 7200 आरपीएमच्या 4 डिस्कचं रेड 5. अशी डिस्क विखुरलेली कामं सेकंदाला साधारण 80 करते, म्हणजे चार मिळून 320. पण रेड 5 मध्ये छोट्या एका लिखाणामागे चार फेऱ्या होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क मेली तर डेटा परत मिळवून देणारी जोड-माहिती) वाचा, मग दोन्ही पुन्हा लिहा. उरली सेकंदाला 80 लिखाणं, आणि ती सहा व्हीएममध्ये वाटून. दुपारी एकला सगळ्यांवर एकदम अँटीव्हायरस स्कॅन लागत होता! स्कॅनच्या वेळा पांगवल्या, डेटाबेस एसएसडीवर नेला, बॅकअप दुसऱ्या खोक्यावर हलवला. एकाच अ‍ॅरेवरचा बॅकअप हा बॅकअप नव्हेच.

नेटवर्क कार्ड आणि ड्रायव्हर

ई1000 हे व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड म्हणजे इंटेलच्या जुन्या चिपचं सोंग आहे. गेस्ट त्या खोट्या चिपच्या रजिस्टरला हात लावतो तेव्हा हायपरवायझरला मध्ये पडावं लागतं. व्हीएमएक्सनेट3 किंवा व्हर्टआयओ या खास व्हीएमसाठी बनवलेल्या कार्डांना आपण व्हीएममध्ये आहोत हे ठाऊक असतं, म्हणून ती हलकी पडतात. मात्र व्हीएमएक्सनेट3 ने 10 जीबीपीएस दाखवलं म्हणून खूश होऊ नका. मागची खरी केबल 1 जीबीपीएसची असेल, तर बाहेर जाताना 1 च मिळणार.

डिस्कचा कंट्रोलर मात्र असा थेट बदलू नका. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधी नसेल तर निळा पडदा येतो, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आधी एक छोटी, 1 जीबीची रिकामी डिस्क नव्या कंट्रोलरवर जोडा, विंडोज सुरू करून ड्रायव्हर बसवा, मग बंद करून मुख्य डिस्क हलवा. अडकलाच असाल तर कंट्रोलर जुना करा, मशीन परत उठेल.

स्नॅपशॉट विसरणं

अपडेटआधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली अवस्था) घेतला आणि राहून गेला, असं फार होतं. तेव्हापासूनचं प्रत्येक लिखाण वेगळ्या फाइलीत साठत जातं आणि डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) भरला की व्हीएम थांबते. व्हीएमवेअरचा सल्ला 72 तासांपेक्षा जास्त न ठेवण्याचा आहे. आधी मोकळी जागा पाहा, मग काढा. मोठा असेल तर रात्री काढा, कारण विलीन होताना डिस्क दमते.

हलवली की कॉपी केली?

व्हीएमच्या फाइली दुसऱ्या होस्टवर नेऊन सुरू केल्या की व्हीएमवेअर हा प्रश्न विचारतं. घाईत 'कॉपी केली' दाबलं तर नवा यूयूआयडी (मशीनचा ओळख-आकडा) आणि नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा ओळख-आकडा) मिळतो. लायसन्स मॅकला बांधलेलं असेल तर सॉफ्टवेअर तिथेच अडून बसतं. हलवण्याआधी दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि मूळ प्रत बंद असेल तर 'हलवली' निवडा. चुकून दुसरं दाबलं असेल, तर मशीन बंद करून सेटिंगमध्ये जुना मॅक हाताने भरून पाहा. तो स्वीकारला गेला, तर त्यावर बांधलेलं लायसन्स बहुधा परत ओळखलं जातं.