नव्या घराची चावी घेताना वीजमीटर तपासा
बदलापूर किंवा विरारला रीसेलचा फ्लॅट घेतल्यावर सामान हलवण्याच्या धांदलीत वीजमीटरकडे कोणाचेच लक्ष जात नाही. म्हणून चावी हाती घेतानाच जिन्याखालच्या मीटरपेटीपाशी जाऊन मीटर क्रमांक व रीडिंग स्पष्ट दिसेल असा फोटो काढावा आणि त्या दिवसापर्यंतची थकबाकी जुन्या मालकाकडून भरून घ्यावी. आम्ही काही महिने शेजाऱ्यांच्याच मीटरचे बिल भरत होतो, म्हणून आग्रहाने सांगते, की घरातील मेन स्विच बंद केल्यावर आपल्याच मीटरवरील लाल दिव्याचे लुकलुकणे थांबते ना, हे अवश्य पाहावे. त्यानंतर इंडेक्स टूची, म्हणजे घरखरेदीच्या नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची, प्रत जोडून महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करावा. घरपट्टीवरील नावासाठी वेगळी चौकशी करावी.