विमानात धूर किंवा जळका वास आल्यास या चुका टाळा

पावसाळ्यात नागपूरहून उड्डाण करताना डोक्यावरच्या झडपांतून पांढरे लोट येताना दिसले, की नवखे प्रवासी घाबरतात. परंतु ते बहुधा दमट हवा एकदम थंड झाल्याने तयार झालेले धुके असते, त्याला वास नसतो आणि ते लगेच विरते. वायर, प्लास्टिक किंवा रसायन जळल्यासारखा वास येत असेल, तर मात्र ‘आपल्याला भास झाला असेल’ असे समजून गप्प राहू नये. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरच्या १११ क्रमांकाच्या उड्डाणात कॉकपिटमध्ये वेगळा वास जाणवल्यापासून सुमारे २१ मिनिटांत विमान समुद्रात कोसळले आणि २२९ जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच शंका असली तरी केबिन क्रूला तत्काळ सांगावे. खात्री करून घेणे हे त्यांचे काम आहे.

ऑक्सिजनचे मास्क मागणे हीदेखील चूकच आहे. प्रवाशांच्या मास्कमध्ये केबिनमधली हवा मिसळते, त्यामुळे धूरही आत येतो. ते केबिनमधील हवेचा दाब घटल्यास वापरण्यासाठी असतात. धुरात खाली वाकावे आणि नाकातोंडावर ओले कापड धरावे. कापडाने काजळी काहीशी अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सीटच्या फटीत मोबाइल पडल्यास सीट मागेपुढे करू नये. यंत्रणेत चिरडलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते आणि ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता तिला पुन्हा पेटवते. त्यामुळे क्रू ती पाण्याने बराच वेळ थंड करतो. पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवू नये, कारण तिथल्या आगीपर्यंत उड्डाणात कोणी पोहोचू शकत नाही. शौचालयाच्या दारातून धूर येत असेल, तर ते स्वतः उघडू नये.

लग्नाचे दागिने किंवा कागदपत्रे असलेली बॅग सोडणे जिवावर येते, हे खरे. तरीही विमान रिकामे करण्याचा आदेश मिळाल्यावर तिला हात लावू नये. १९८३ साली सिनसिनाटी येथे धुराने भरलेले एअर कॅनडाचे विमान सुखरूप उतरले, परंतु दारे उघडल्यावर दीड मिनिटाच्या आत आतमध्ये आगीचा भडका उडाला आणि ४६ पैकी २३ जण दगावले. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सर्व ३७९ जण बाहेर पडले. धुरात दिवे दिसेनासे होतात, म्हणून सीटवर बसताच सर्वांत जवळचे दार किती रांगांवर आहे ते मोजून घ्यावे. ते आपल्या मागेही असू शकते.