जुनं कपाट घेताय? चोरकप्पा तिथेच उघडा

पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा घर रिकामं करणाऱ्या कुणाकडून लोखंडी कपाट घेत असाल, तर टेम्पोत चढवण्याआधी लॉकर, चोरकप्पा आणि फळ्यांवर अंथरलेल्या वर्तमानपत्रांच्या खालची जागा विकणाऱ्यासमोरच बघा. आपल्या आज्यांची बँक तिथेच तर असायची! नाणी, एफडीची पावती, क्वचित एखादं डोरलंही निघतं. सौदा कपाटाचा झालाय, डोरल्याचा नाही.

विकणाऱ्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. घरी आल्यावर काही सापडलं तर फोटो काढून त्याच दिवशी कळवा. मालक शोधता येत असूनही वस्तू दडपली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली तो गुन्हा ठरू शकतो. भंगारवाल्याला मूळ घर आठवत नसेल तर सरळ पोलीस ठाणं गाठा.

नोटांचं पुडकं निघालं तर जास्त हुरळू नका. 2016 साली बाद झालेल्या 500 आणि 1000 च्या नोटा संग्राहक-अभ्यासक नसलेल्याने 10 पेक्षा जास्त बाळगणं 2017 च्या कायद्याने दंडनीय आहे.