पेठेतल्या छोट्या गॅलरीत मातीची भांडी मांडायची आहेत? मग ही तयारी करा

एका खोलीच्या गॅलरीत स्टुडिओ पॉटरीचं, म्हणजे कुंभाराने स्वतः हाताने घडवलेल्या भांड्यांचं, प्रदर्शन लावायचं असेल, तर सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका. ‘हात लावू नये’ ही पाटी लावायची नाही. जपानी वळणाचा चहाचा वाडगा नुसता पाहून निम्मासुद्धा कळत नाही. त्याचं वजन, कडेची जाडी, बुडाची घडण तळहातालाच कळते. पुढची सगळी कामं यातूनच निघतात.

भांड्यांची तपासणी आदल्या दिवसावर ठेवू नका, निदान आठवडाभर आधी उरका. प्रत्येक भांडं उचलून टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा असू शकतो, ते बाजूला काढा. मग बुडावरून अंगठा फिरवा. भट्टीतल्या फळीचा एखादा कण चिकटून राहिला असेल, तर तो कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर ओरखडे काढणार. वॉटर पेपरने बूड घासून घ्या आणि ओलंच घासा, कोरड्या घासण्याची धूळ छातीत जाते. फुलदाण्या रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला, तर त्या फुलदाणीवर ‘फक्त सुक्या फुलांसाठी’ असं स्पष्ट लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे केलेली घाई मला खपत नाही. पैसे मोजून नेलेली फुलदाणी घरी पाझरली, की ते गिऱ्हाईक पुढे कुठल्याच कुंभाराकडे जात नाही.

राकूची, म्हणजे मूळ जपानी पद्धतीची कमी आचेवर भाजलेली, भांडी वेगळ्या टेबलावर मांडा. स्टोनवेअर, म्हणजे रोजच्या वापराची दगडासारखी पक्की भांडी, १२०० ते १३०० अंशांपर्यंत भाजलं जातं, राकू साधारण १००० अंशांच्या आसपास. त्यामुळे राकूची माती सच्छिद्र राहते, रोजच्या जेवणाला ती उपयोगाची नाही. लेबलवर तसं लिहा. आणखी एक खबरदारी घ्या. लालबुंद भांडं चिमट्याने काढून भुशात धुरावण्याची रीत विसाव्या शतकात अमेरिकेत रुजली. सोळाव्या शतकात जपानमधल्या क्योतोत चोजिरो या कुंभाराने घडवलेल्या राकू वाडग्यांशी तिचं नातं आहे, पण ती वेगळी आहे. अशा भांड्याला ‘पारंपरिक जपानी’ म्हणणं चूक आहे.

लेबलवर माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप), भाजणीचा प्रकार आणि किंमत एवढं पुरे. भिंतीवर मात्र एक मोठा तक्ता हवाच, कारण पुणेकरांना जपानी भांड्यांशी जोडून घ्यायला एक सुरेख धागा आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. त्याच ओकायामा प्रांतात बिझेन हे कुंभारकामाचं गाव आहे. तिथली भांडी ग्लेझ न लावता लाकूड जाळून तापवलेल्या भट्टीत भाजतात, रंग चढतो तो राखेचा आणि ज्वाळेचा. अमेरिकन कुंभार डेबोरा स्मिथ बिझेनमध्ये शिकल्या आणि १९७१ मध्ये त्यांनी रे मीकर यांच्यासोबत पुद्दुचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी उभी केली. आज भारतात स्टोनवेअर करणारे कितीतरी जण तिथे शिकलेले आहेत. त्याही आधी, १९१९ च्या सुमारास, सरदार गुरुचरण सिंग कुंभारकाम शिकायला जपानला गेले होते, पुढे त्यांनी दिल्लीत पॉटरी काढली. एवढं वाचून माणूस टेबलाकडे वळला, की हातातल्या कपाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

मांडणी कंबरेच्या उंचीवर करा, म्हणजे वाडग्यांच्या आतलं ग्लेझ दिसतं. टेबलावर मांजरपाट अंथरा, खाली रबरी मॅट घाला, नाहीतर कापड सरकतं. दोन भांड्यांमध्ये दोन्ही हात सहज जातील एवढी जागा सोडा. त्यासाठी निम्मी भांडी खोक्यात राहिली तरी चालतील. दाराशी पिशव्या आणि सॅक ठेवायला जागा हवी, कारण भांडी हाताने क्वचित फुटतात, पाठीवरच्या सॅकने हमखास फुटतात. ट्यूबलाइट बंद ठेवून एका बाजूने पिवळा दिवा द्या. शिनो या जपानी प्रकारच्या दाट पांढऱ्या ग्लेझवरची बारीक छिद्रं आणि तांबूस झाक त्याच उजेडात उठून दिसते.

चहा विक्रीतल्याच कपांसारख्या कपांतून द्या. ‘याला कान कुठाय?’ हा प्रश्न येणारच. कप पाऊण भरा, चहा फार कढत नको, आणि एक हात बुडाखाली घेऊन धरायला सांगा. बहुतेकांची शंका पहिल्या घोटातच मिटते.

जुनी वर्तमानपत्रं, खोकी, सुतळी, पावतीपुस्तक, सुटे पैसे, क्यूआर कोडचा छापील कागद ही जमवाजमव नेहमीचीच. झाकण भांड्यावर ठेवून बांधू नका, वेगळं गुंडाळा. खोकं हलवून पाहा, आत काही खुळखुळलं तर अजून कागद कोंबा.

फुटतुटीचं नुकसान गॅलरी सोसणार की कुंभार, हे आधीच लिहून ठेवा, पाहुण्याकडून मात्र पैसे घेऊ नका. फुटलेलं भांडं सोनेरी एपॉक्सी गोंदाने चिकटवून किन्त्सुगी (तडे सोन्याने सांधण्याची जपानी कला) म्हणून विकायला तर मुळीच ठेवू नका. खऱ्या किन्त्सुगीत उरुशी झाडाचा चीक वापरतात, तो दमट हवेत वाळायलाच आठवडे लागतात आणि त्यानंतर सोन्याची पूड बसते. एपॉक्सी असेल तर लेबलवर एपॉक्सीच लिहा आणि त्यातून खाऊ-पिऊ नये हेही लिहा.