नीरफणस: लागवड, काढणी आणि आहारातील उपयोग

कोकणातील वाड्यांत आणि गोव्याच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या मिश्र बागांत) नीरफणसाचे एखाददुसरे झाड आढळते; त्यापलीकडे महाराष्ट्रात ते क्वचितच दिसते. मूळचे प्रशांत महासागरातील बेटांवरचे हे झाड उष्ण व दमट हवेतच रमते, त्यामुळे घाटावरच्या कोरड्या किंवा कडाक्याची थंडी पडणाऱ्या भागात त्याच्या नादी लागू नये.

लागवडीच्या नीरफणसाला बहुधा बी नसते, म्हणून त्याचे रोप मुळापासून करतात. जुन्या झाडाचे जमिनीलगतचे मूळ कोयतीने किंचित खरवडले की काही काळाने तेथून फुटवा येतो. तो चांगला वाढल्यावर मुळाच्या तुकड्यासह काढून पिशवीत लावावा आणि सावलीत ठेवावा. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड झाले, तेव्हा बंडखोरांनी ताहितीहून चाललेली नीरफणसाची हजारावर रोपे समुद्रात फेकून दिली. बियांची पुडी नेता आली असती, तर जिवंत रोपांचा एवढा खटाटोप कोणी केलाच नसता.

लागवड पावसाच्या सुरुवातीला करावी. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो चांगली माती आणि कुजलेल्या शेणखताने भरावा, आणि दोन झाडांत १० ते १२ मीटर अंतर ठेवावे, कारण झाडाचा विस्तार मोठा होतो. पाणी साचणारी जागा सर्वस्वी टाळावी. पहिले एक-दोन उन्हाळे रोपाला सावली आणि नियमित पाणी लागते. मुळे वरच्या थरातच पसरत असल्याने बुंध्याभोवती खणू नये, पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून वाऱ्याच्या माऱ्याची जागाही नको. साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळे धरू लागतात.

फळ केव्हा काढावे, यातच खरी पारख आहे. कोवळ्या फळाची साल हिरवीगार व खरखरीत असते. तयार झाल्यावर सालीवरचे टोकदार उंचवटे सपाट होतात, रंग पिवळसर हिरवा होतो आणि सालीवर पाझरलेल्या चिकाचे थेंब वाळून तपकिरी डाग पडतात. असे फळ खाली न आपटता देठासह उतरवावे आणि देठ खाली करून ठेवावे, म्हणजे चीक निथळून जातो. चिरण्यापूर्वी हाताला व विळीला खोबरेल लावावे.

१०० ग्रॅम कच्च्या गरात सुमारे १०० कॅलरी, २७ ग्रॅम कर्बोदके, ५ ग्रॅम तंतू, ४९० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि २९ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. त्यातले काही ‘क’ जीवनसत्त्व शिजवताना जाते. बटाट्याच्या तुलनेत तंतू दुपटीहून अधिक असल्याने पोट साफ राहण्यास मदत होते, आणि ग्लूटेन हे गव्हातले प्रथिन नसल्यामुळे गहू न चालणाऱ्यांनाही हा गर खाता येतो. मात्र पिष्ट बटाट्याहूनही जास्त आहे, म्हणून मधुमेही व्यक्तींनी तो भाजी समजून भात-पोळीच्या जोडीला न घेता भात-पोळीच्या ऐवजी, बेताने घ्यावा. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. याच्या पानांचा काढा मधुमेहावर किंवा रक्तदाबावर घेण्याचा सल्ला ऐकू येतो; त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे.

आपल्याकडे तिखट, मीठ, हळद, हिंग आणि कोकमाचे आगळ लावून, तांदळाच्या पिठात व रव्यात घोळवून तव्यावर परतलेले काप सर्वांत लोकप्रिय आहेत, आणि चवीत त्यांना तोड नाही. तरी नेहमीच्या जेवणात उकडलेल्या फोडींना मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि वर ओले खोबरे घालून केलेली भाजी अधिक हितकर, कारण हा गर तेल भरपूर पितो. काढलेले फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडू लागते. लगेच वापरायचे नसल्यास साल व मधला दांडा काढून फोडी अर्धवट उकडाव्यात, निथळवाव्यात आणि फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.