पावसाळ्यात पाव बुरसतोय? लवंगेचं तेल वापरून बघा, पण असं

लादीपाव आणला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडाला हिरवे ठिपके, पावसाळ्यात हे घरोघरी चालू असतं. यावर लवंगेचं तेल खरंच कामाचं आहे, त्यातला युजेनॉल हा मुख्य घटक बुरशीच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतो आणि भारी गोष्ट म्हणजे नुसत्या वाफेनेही हे होतं, तेल पावाला लागायची गरजच नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, तेही चालतं पण वास फार उग्र.

तेल घेताना मात्र नीट बघा. केसांचं, मसाजचं, डिफ्यूझरमधलं सुगंधी, काहीही लवंगतेल म्हणून विकतात, आपल्याला शुद्ध हवंय, दुसरं तेल मिसळलेलं नको. डबा स्टीलचा किंवा काचेचा, कारण हे तेल काही प्रकारचं प्लास्टिक मऊ करतं. डबा धुवून पूर्ण कोरडा करा, आणि पाव गरम असेल तर आधी गार होऊ द्या नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि ओल राहिली की सगळी मेहनत फुकट.

मग कापसाचा छोटा बोळा घ्या, त्यावर दोन-तीनच थेंब, बोळा छोट्या वाटीत, वाटीवर पातळ फडकं बांधून ती डब्याच्या एका बाजूला ठेवा, पावाला चिकटू द्यायची नाही. झाकण घट्ट. वास उडाला की बोळा बदलायचा. थेंब जास्त झाले तर पाव दातदुखीच्या औषधासारखा लागतो, मिसळीबरोबर खाववत नाही.

एक लक्षात घ्या, याने बुरशी यायची लांबते, आधीच आलेली जात नाही. ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून उरलेला पाव खाऊ नका प्लीज, बुरशीचे न दिसणारे धागे आतपर्यंत गेलेले असतात.

शेंगदाण्याचं तर त्याहून गंभीर आहे. त्यावर येणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, त्याने लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो आणि दाणे भाजले तरी ते पूर्ण जात नाही. म्हणून बुरसलेले दाणे तेलाने वाचवायच्या फंदात पडू नका, सरळ फेका, आणि गाई-म्हशीलाही घालू नका, ते विष दुधात उतरतं.

तेलाची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा, शुद्ध लवंगतेल थोडं जरी पोटात गेलं तरी लहान मुलांच्या लिव्हरला इजा होऊ शकते.