मॅक्रोने दुबार ओळी काढा, पण दुसरा ट्रॅक्टर उडवू नका

महिन्यातून एकदाच यादी साफ करायची असेल तर मॅक्रोच्या, म्हणजे एक्सेलकडून ठरलेलं काम करून घेणाऱ्या छोट्या कोडच्या, नादी लागू नका. एक्सेलच्या डेटा टॅबवर २००७ पासून ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’चं बटण आहे, ते दाबा आणि मोकळे व्हा. आमच्या नाशिकच्या ऑफिसात मात्र लासलगाव आणि पिंपळगावहून कांदा खरेदीच्या याद्या रोज संध्याकाळी येतात, आणि एकच पावती दोघांनी चढवलेली असते. म्हणून मॅक्रो.

आधी फाइलची प्रत काढा. मॅक्रोने पुसलेलं कंट्रोल-झेडने परत येत नाही.

अल्ट-एफ११ दाबून कोडचा एडिटर उघडा, मग इन्सर्ट, मोड्यूल. तिथे रेंजवर, म्हणजे यादीच्या निवडलेल्या भागावर, ‘रिमूव्हडुप्लिकेट्स’ चालवायचं, हेडर ‘एक्सएलयेस’ ठेवायचं, म्हणजे पहिली ओळ शीर्षकांची धरली जाते. कोड एवढाच, एका ओळीचा.

घोळ होतो तो कॉलम निवडताना. ‘नाव आणि तारीख घ्या’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही तेच केलं होतं. एका शेतकऱ्याने एकाच दिवशी दोन ट्रॅक्टर आणले होते. मॅक्रोने पहिली ओळ ठेवली, दुसरी गिळली. तो पैसे न्यायला आला तेव्हा हातात दोन पावत्या, आमच्या यादीत एक. जुनी फाइल ठेवलेली नव्हती. पावतीपुस्तक उघडून अख्खा दिवस नोंदी जुळवत बसलो. तेव्हापासून माझ्याकडे दुबार ठरते ती फक्त बाजार आणि पावती नंबर यांवरून. नंबर एकटा चालत नाही, दोन बाजारांत तोच येऊ शकतो. आणि कॉलमचा क्रमांक शीटवरून नाही, निवडलेल्या रेंजवरून मोजायचा: रेंज ‘बी’पासून सुरू असेल तर ‘बी’ म्हणजे १.

एवढं करूनही काही जोड्या सुटतात. ‘पिंपळगाव’च्या मागे एक रिकामी जागा राहिली की एक्सेलच्या लेखी ते वेगळं गाव. त्यासाठी ओळी काढण्याआधी त्या कॉलमवर ट्रिम हे कडेच्या रिकाम्या जागा काढणारं फंक्शन फिरवा. व्हॉट्सॲप-वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी जागा असू शकते, ती ट्रिमला दिसतच नाही. आधी ती साध्या जागेत बदला.

तेच नाव कुणी ‘गा’वर अनुस्वार देऊन लिहितो: ‘पिंपळगांव’ हा आपला खास मराठी रोग. अनुस्वार काढायला कोडमध्ये मराठी शब्द टाइप केलात तर नुसती प्रश्नचिन्हं उमटतील, कारण तो एडिटर देवनागरी झेलत नाही. ‘सीएचआरडब्ल्यू’ या क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या फंक्शनला २३०६ देऊन अनुस्वार मिळतो, पण सरसकट पुसू नका, ‘पिंपळगाव’ची ‘पिपळगाव’ होईल. मी वेगळ्या शीटवर चुकीचं आणि बरोबर नाव शेजारी-शेजारी लिहितो, मॅक्रो तिथून उचलतो.

फाइल ‘एक्सएलएसएम’मध्ये सेव्ह करा, नाहीतर मॅक्रो जातो. अल्ट-एफ८ने चालवा. किती ओळी उडाल्या हे मॅक्रो आपणहून सांगत नाही, म्हणून आधीची आणि नंतरची संख्या मेसेज बॉक्समध्ये दाखवा. फरक नेहमीपेक्षा मोठा दिसला तर फाइल सेव्ह न करता बंद करा आणि कॉलम पुन्हा तपासा.